रोडपाली माझी!

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या न्यासाचे संस्थापक आदरणीय काशीरामशेठ. ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत ते आपले तंत्रज्ञान संचालक सन्माननीय सत्यजीत सर. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सुविद्य पत्नी सौ. मनस्वीताई, व्यासपीठावरील विश्वस्त आणि डॉक्टर मंडळी, माझे ड्रायव्हर बंधू, माझ्या ऑपरेटर भगिनी, आणि मागच्या दारातून मसालेभाताचा वास आल्यापासून ज्यांचं लक्ष उडालेलं आहे असे समस्त पनवेलकर श्रोतेहो, तुम्हां सर्वांना माझा नमस्कार.

मी वसुंधरा गुरव. न्यासाच्या रुग्णवाहिका सेवेच्या नियंत्रण कक्षात गेली सोळा वर्षं फोन उचलते. भाषणाची मला सवय नाही. पत्ता सांगा, खुणेची जागा सांगा, पेशंट बोलतोय का, एवढ्या तीन वाक्यांत माझा दिवस जातो. पण सर परवा स्वतः माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "वसुंधराताई, तुम्ही सगळ्यांत जुन्या, तुम्हीच चार चांगले शब्द बोला." सरांचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. तो का मोडला नाही, हेच आज सांगणार आहे. सूत्रसंचालकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. ती थोडी लांबली तर समजून घ्या. आमच्याकडे पाच मिनिटं म्हटलं की किती लागतात, ते या सभागृहात बऱ्याच जणांना ठाऊक आहे.

हसा, हसा. हसण्याचा भाग आधीच उरकून घेऊ.

सत्यजीत! केवढं सुंदर नाव! सत्य आणि जित्, म्हणजे ज्याने सत्यावर विजय मिळवला असा. बारशाच्या दिवशी सरांच्या आत्याबाईंना पुढचं सगळं दिसलं असणार, नाहीतर इतकं नेमकं नाव सुचत नाही. सर, तुम्हीही हसलात, बरं वाटलं. सर पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत उपाध्यक्ष म्हणून जात आहेत. तिथे त्यांच्या हाताखाली दोनशे माणसं असतील असं ऐकते. त्या दोनशे जणांना माझ्या शुभेच्छा.

मघाशी सरांना न्यासातर्फे चांदीचा मुलामा दिलेली छोटी रुग्णवाहिका भेट दिली. निवड अगदी योग्य आहे. सर, तीन वर्षांत आपल्या सेवेची एक तरी गाडी वेळेवर योग्य माणसाच्या हाती पोचली, याचं समाधान वाटलं.

आता सरांच्या कार्याविषयी. कार्य सांगायचं तर आधी काय होतं ते सांगावं लागेल, त्याशिवाय सरांनी काय बदललं ते कळणार नाही. नव्या विश्वस्तांसाठी सांगते. आपल्या नऊ गाड्या. एक रोडपालीला उभी असते, एक बेलपाड्याला, एक नेऱ्याला, अशा नऊ ठिकाणी नऊ. कक्षात सहा खुर्च्या आणि सहा फोन. एकाच क्षणी दोघींना दोन फोन आले आणि दोघींनी एकच गाडी पाठवली तर काय होईल? म्हणून आमची एक पद्धत होती. गाडी घेतली की ओरडायचं. "रोडपाली माझी!" गाडी मोकळी झाली की ओरडायचं. "नेरे सुटली!" ते ऐकून बाकीच्या पाच जणी काही काम सोडून उठत नसत. जिला रोडपाली हवी होती तिच्याच कानाला ते लागायचं, बाकीच्या आपापल्या फोनवर बोलत राहायच्या. हे आम्हांला कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच वर्षी एकदा गोंधळ झाला, तेव्हापासून आम्ही ओरडायला लागलो आणि तेरा वर्षं ओरडलो. घसा बसायचा, पण तेरा वर्षांत एक गाडी दोघींनी घेतली असं पुन्हा घडलं नाही.

मग सर आले. पहिल्याच दिवशी काचेबाहेर उभे राहून त्यांनी आम्हांला दहा मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "ही कंट्रोल रूम आहे की मासळी बाजार?" सर, तुमच्या लक्षात नसेल, माझ्या आहे. माझी आई उरण नाक्यावर मासळी विकायची. तिच्या टोपलीतला कोणता पापलेट कोणाला दिला, याची चूक मी कधी पाहिली नाही.

सरांनी आम्हांला संगणकाचा पडदा दिला. ब्राउझर उघडायचा, नाव टाकायचं, की सगळं समोर. वर एक पट्टी असते, तिच्यात किती गाड्या मोकळ्या आहेत तो हिरवा आकडा. डावीकडे नकाशा, त्यावर नऊ ठिपके हलताना दिसतात. उजवीकडे गाड्यांची यादी, कोणती मोकळी, कोणती निघाली, कोणात रुग्ण आहे. यादीतल्या गाडीवर बोट टेकवलं की गाडी निघाली. हे बनवलं केतनने. केतन, ऊठ ना जरा. मागे बसलाय बघा, लॅपटॉप मांडीवर घेऊन. लाजरा आहे. बस आता.

केतनने पहिल्यांदा जे बनवलं त्यात माहिती एकाच जागी ठेवलेली होती. पट्टी, नकाशा, यादी, तिघंही तिथूनच वाचत. त्यामुळे तिघांचं म्हणणं एकच असायचं. अडचण एवढीच होती की नऊ गाड्या दर दोन सेकंदांनी आपला ठावठिकाणा कळवत आणि प्रत्येक वेळी सगळा पडदा नव्याने रंगत असे. मी पत्त्यात 'बेलपाडा' टाइप केलं की पडद्यावर 'बेपा' उमटायचं, अर्धी अक्षरं त्या धावपळीत गळून जायची. आम्ही तक्रार केली. केतन येऊन माझ्या शेजारी बसला, बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, एका गाडीने कूस बदलली की अख्खं घर जागं होतंय. ज्याचं काम आहे त्यालाच उठवायला पाहिजे. गाडी हलली तर फक्त नकाशाला उठवायचं. गाडी मोकळी झाली तर यादीला आणि पट्टीला. माहिती मात्र एकाच जागी ठेवायची." मी म्हटलं, अरे, मग आम्ही काय वेगळं करत होतो? तो हसला. म्हणाला, तीन आठवडे लागतील.

सरांकडे नऊ दिवस होते. दहाव्या दिवशी देणगीदार पाहुणे येणार होते.

इथे सरांची निर्णयक्षमता दिसते. मी ती मनापासून वाखाणते, कारण माणूस असा निर्णय इतक्या थंड डोक्याने घेऊ शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. सर म्हणाले, एका जागी कशाला? पट्टी, नकाशा, यादी, प्रत्येकाने आपापली प्रत ठेवावी आणि आपल्या सवडीने ती ताजी करावी. नकाशा दिसायला चांगला हलला पाहिजे, म्हणून तो दर दोन सेकंदांनी. यादी दर एक मिनिटाने. वरचा आकडा दर पाच मिनिटांनी. झालं! पडदा लोण्यासारखा चालायला लागला. अक्षरं गळायची थांबली. पाहुण्यांनी नकाशावर धावणारे ठिपके बघून टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. शेठ, तुम्ही सरांना तिथेच मिठी मारलीत, फोटो आपल्या जिन्यात लावलेला आहे.

केतनने त्याच दिवशी सरांना मेल लिहिली होती. यादी एक मिनिट शिळी असेल तर त्या मिनिटात एकच गाडी दोघींना मोकळी दिसेल, असं स्पष्ट लिहिलं होतं. दिलेली गाडी पुन्हा देता येऊ नये म्हणून जी अडवणूक आहे तीही त्या शिळ्या प्रतीकडेच बघते, हेही लिहिलं होतं. सरांनी उत्तरात अंगठ्याचं चित्र पाठवलं. केतनने ती मेल जपून ठेवली आणि तोंड बंद ठेवलं. केतन, मान खाली घालू नकोस, या सभागृहात तू एकटा नाहीस.

त्या आठवड्यात एक परिपत्रक निघालं. दोन ओळींचं होतं, मला पाठ आहे. "गाडीच्या स्थितीबाबत यादी अंतिम मानावी. कक्षात एकमेकींशी मोठ्याने बोलू नये." खाली सरांची सही, सुंदर, वळणदार.

आता माझ्या मनात एक साधा प्रश्न येतो, तो तुमच्यापुढे मांडते. क्षणाक्षणाला बदलणारी गोष्ट तीन ठिकाणी लिहून ठेवली, तर त्यातली खरी कोणती? सर म्हणाले, यादी. बरं. पण यादीला कोणी सांगायचं, की तू आत्ता खोटी आहेस? आधी आम्ही सहा जणी सांगायचो. तेवढी एक सोय होती, ती सरांनी दोन ओळींत काढून टाकली.

शेठ माझ्याकडे बघताहेत. काय म्हणालात शेठ? माईक इकडे आहे, सगळ्यांना ऐकू आलं नसेल. शेठ म्हणतात, "बाय, आटपा आता, जेवान थंड व्हतंय." आटपते, शेठ. सरांच्या यशाचा मुख्य प्रसंग अजून राहिलाय. तो न सांगता बसले तर सरांवर अन्याय होईल.

अकरा मार्च. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. ओव्याला एका इमारतीचं काम चालू होतं, पाचव्या मजल्याची परांची तुटली आणि चिंगी शिद नावाची बाई खाली आली. मालडुंग्याच्या वरच्या वाडीतली, नवऱ्याबरोबर बिगारी कामाला यायची. वय एकतीस. नवरा चांगो, त्याने आपल्याला फोन लावला. फोन सुनिताच्या टेबलावर वाजला. सुनिता घरत, माझ्या डाव्या हाताची खुर्ची, राहणारही ओव्याचीच. तिने पत्ता पूर्ण ऐकायच्या आत लिहून घेतला, कारण ती इमारत तिच्या घराच्या गच्चीवरून दिसते.

ओव्याला सर्वांत जवळची गाडी बेलपाड्याची. ती पाच मिनिटांवर, दवाखान्याच्या दारातल्या चहाच्या टपरीसमोर, रिकामी उभी होती. नकाशात ती सुनिताला दिसत होती. पण यादीत ती 'रुग्ण आत' अशी दिसत होती, कारण रुग्ण उतरून चाळीसच सेकंद झाले होते आणि यादीला मिनिट पुरं व्हायची वाट बघायची होती. यादी अंतिम. सुनिताने यादीतली पुढची मोकळी गाडी बघितली. रोडपाली. तिने रोडपालीवर बोट टेकवलं. पडद्याने लगेच सांगितलं, 'निघाली'. तिने चांगोला सांगितलं, गाडी निघाली, दहा मिनिटांत येते.

रोडपाली खरंच निघाली होती. सतरा सेकंद आधी ती मी घेतली होती. कळंबोलीतल्या एका काकांच्या छातीत दुखत होतं, मी त्यांच्याकडे पाठवली होती. ते काका बरे आहेत, गेल्या आठवड्यात मला लाडवांचा डबा पाठवला. तुळशीराम गाडी चालवत होते. तुळशीरामभाऊ, तुम्ही उठू नका, गुडघा दुखतोय तुमचा. त्यांच्या फोनवर एका वेळी एकच काम दिसतं. दुसरं त्याच्याखाली दबून राहिलं.

पुढचं मी सुनिताच्या रेकॉर्डिंगमधून ऐकलेलं आहे. चौकशीसाठी मला ऐकवलं होतं. चांगोचा दुसरा फोन चार एकवीसला. "बाय, गारी नाय आली अजून." सुनिता म्हणते, निघालीय दादा, येतेच आहे. तिने तुळशीरामभाऊंना फोन लावला, किती वेळ लागेल? ते म्हणाले, पाच मिनिटं, सिग्नलला आहे. ते हॉस्पिटलला पोचायचं सांगत होते. ती ओव्याचं समजली. तिसरा फोन चार एकतीसला. "बाय, तिचं डोलं मिटाय लागलंय, मी काय करू?" सुनिता त्याला सांगते, बोलत राहा तिच्याशी, नाव घेऊन हाका मारा. मग रेकॉर्डिंगवर सुनिता नाही, मी नाही, गाडी नाही, नुसता चांगो ऐकू येतो. चिंगे, ए चिंगे. सहा मिनिटं. चौकशीच्या खोलीत तेव्हा सर फोनवर कोणाला तरी जेवणाची ऑर्डर सांगत होते. मनस्वीताई, माफ करा, तुम्हांला हे माहीत नसावं. कार्यालयात जे घडतं ते घरी सगळंच कसं सांगणार?

काकांना उतरवून रोडपालीच सत्तेचाळीस मिनिटांनी ओव्याला पोचली. त्या सगळ्या वेळात बेलपाड्याची गाडी रिकामीच होती. ड्रायव्हरने दोन चहा घेतले. चिंगी गाडीत घातल्यावर गेली.

तर अशी ही गोष्ट. सरांनी स्वतः चौकशी केली, अकरा दिवसांत अहवाल लिहिला. मी तो वाचलाय, भाषा फार शुद्ध आहे. "यंत्रणेत कोणताही दोष आढळला नाही. संबंधित ऑपरेटरने शेजारील ऑपरेटरकडून गाडीच्या उपलब्धतेची खात्री करून घेतली नाही." म्हणजे आमची तोंडं आधी सहीनिशी बंद केली, आणि तोंड उघडलं नाही म्हणून सुनिताला सहीनिशी निलंबित केलं. दोन्ही सह्या एकाच पेनाच्या आहेत, शाई निळी. सर, पुण्याला गेल्यावर ते पेन सांभाळा, फार कर्तबगार पेन आहे.

उद्या सकाळी अकरा वाजता विश्वस्तांची बैठक आहे. सुनिताला कायमचं काढायचं की नाही, एवढा एकच विषय. तिला काढलं की प्रकरण मिटलं. मग चांगो शिदला सांगता येईल, जिची चूक होती तिला शिक्षा झाली, आता हे कागद भर आणि जा. तोवर सर एक्स्प्रेस वेवर लागलेले असतील.

निरोप या शब्दाची गंमत बघा. कुणाला धाडलेला सांगावा म्हणजे निरोप, आणि कुणाला दिलेली रजा म्हणजेही निरोप. मला वाटतं, सरांनी या दोन अर्थांत गल्लत केली. सगळ्यांना निरोप पोचवायचं काम त्यांच्याकडे होतं, त्यांनी सगळ्यांना निरोप दिला. आधी केतनच्या तीन आठवड्यांना दिला, मग आमच्या आवाजाला, मग चिंगीला, उद्या सुनिताला. आणि आज आपण त्यांना देतोय, शाल घालून.

शेठ, हात वर करू नका, मी शेवटाला आलेय. साउंडवाल्या दादाकडेही बघू नका. माईक बंद केलात तरी चालेल. मोठ्याने बोलायची मला तेरा वर्षांची सवय आहे आणि हे सभागृह आमच्या कक्षापेक्षा फार मोठं नाही.

मी इतका वेळ सरांविषयी बोलले, तुम्हांला वाटलं असेल, बाई किती कडवट आहे. थोडं माझ्याविषयीही ऐका. त्यात मी स्वतःला सूट देणार नाही, सरांनाही वाईट वाटायला नको.

अहवालात सरांचं जे वाक्य आहे, शेजारणीला विचारलं नाही म्हणून, ते कशाच्या जोरावर उभं आहे? माझ्या जबाबाच्या. शेजारीण मीच. माझा जबाब एका ओळीचा आहे. "सुनिताने मला काहीही विचारलं नाही." खाली वसुंधरा गुरव. सर तो कागद स्वतः टाइप करून घेऊन आले होते. माझी निवृत्ती जुलैत आहे. सर म्हणाले, "ताई, तुमच्या दोन वर्षांच्या मुदतवाढीची फाइलही माझ्याच टेबलावर आहे, योगायोग बघा." मी योगायोग बघितला आणि सही केली. कोणी माझा हात धरला नव्हता. चहासुद्धा गरम होता.

आता खरं काय झालं ते. चार वाजून अकरा मिनिटं. काचेपलीकडे सर पुण्याच्या त्याच कंपनीच्या दोन माणसांना आपला कक्ष दाखवत होते. किती शांत आहे बघा, असं सांगत असणार. सुनिताने रोडपालीवर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. सोळा महिने ती गप्प बसली होती, पण ती ओव्याची पोर, तिला राहवलं नाही. तिने फोनवर हात धरला, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि अगदी हळू विचारलं, "ताय, रोडपाली मोकली हाय ना?"

मी रोडपाली घेऊन सतरा सेकंद झाले होते. माझ्या तोंडून 'नाय' एवढा एक शब्द निघायला हवा होता. मी काचेकडे बघितलं. सर आमच्याचकडे बघत होते. मी सुनिताकडे वळले आणि ओठांवर बोट ठेवलं.

तिला वाटलं, ताई सांगतेय, आहे मोकळी, बोलू नको. तिने मान डोलावली आणि दाबलं.

सुनिताने हे चौकशीत सांगितलं. रडत सांगितलं. सरांनी विचारलं, साक्षीदार कोण? ती म्हणाली, ताईच सांगतील. मग माझा जबाब आणला गेला आणि तिला वाचून दाखवला. त्यानंतर ती माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही, आणि तिने कोणाला माझ्याविषयी वाईटही सांगितलेलं नाही, ते मला फार जड जातं.

हा माझा नवा जबाब. हाताने लिहिलाय. केतनच्या मेलची छापील प्रत याला जोडलेली आहे. केतन, ती मी तुला न विचारता तुझ्या टेबलावरून घेतली, तू उघड्यावर ठेवली होतीस, बहुधा कोणीतरी घ्यावी म्हणूनच. अध्यक्षसाहेब, हा उद्याच्या बैठकीसाठी आहे, घ्या. घ्या ना शेठ. हात मागे घेतलात? हरकत नाही. सत्काराच्या तबकात नारळाखाली ठेवते, पंख्याने उडायला नको. याच्या तीन प्रती आहेत. एक आज दुपारी चांगो शिदला दिली. त्याला वाचता येत नाही, मी वाचून दाखवली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला एकच विचारलं, "म्हंजे तुमाला ठाव व्हतं?" मी हो म्हटलं.

मला दिलेला वेळ केव्हाच संपला. बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचे, न्यासाचे आणि विशेषतः सत्यजीत सरांचे आभार, त्यांचा आग्रह नसता तर मी आजही गप्प बसले असते. सर, प्रवास सुखाचा होवो. श्रोतेहो, माझ्या बोलण्यात जिथे तोल गेला असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तिथे तुम्ही मला मोठ्या मनाने क्षमा करा. सुनिताला मी ते इथून म्हणू शकत नाही, तिला आजचं आमंत्रण नव्हतं. तिच्या घरी जावं लागेल, आणि ती दार उघडेल की नाही ते माहीत नाही. तिसरी प्रत घेऊन मी आत्ताच ओव्याला निघते आहे, माझं पान वाढू नका.

नमस्कार.